३१ वर्षं घराच्या सोप्यात उभी असलेली १९६८ ची जावा मोटरसायकल चालू करायची आहे, मदत करा

पंचगंगाकाठ :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गडहिंग्लजजवळ माझ्या आत्याचं गाव आहे, तिच्या घरात सोप्याच्या कोपऱ्यात मामांची जावा उभी आहे (आत्याचे यजमान, आमच्याकडे त्यांनाही मामाच म्हणतात). १९६८ ची २५० सीसी, मरून रंगाची, मामांनी १९७५ ला सेकंडहँड घेतली होती. मामा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, रोज त्याच गाडीवर जायचे. १९९४ ला ते गेले आणि तेव्हापासून गाडी बारदान टाकून तशीच उभी. भंगारवाले येऊन गेले, गावातली पोरं मागून गेली, आत्याने कुणालाच दिली नाही. मागच्या महिन्यात मला म्हणाली, घेऊन जा आणि चालू कर, पण रंग बदलायचा न्हाई आणि नंबर बदलायचा न्हाई.

छोटा हत्ती (टेंपो) करून कोल्हापूरला आणली. अवस्था अशी आहे : किक जागची हलत नाही. टायर भेगाळून कडक झालेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, सीटचं कव्हर फाटलंय, टाकीत खाली चहाच्या रंगाचा चिकट गाळ आहे आणि उग्र वास मारतोय. पण चेन डब्यात बंद असल्याने चांगली निघाली आणि रंग सगळा कंपनीचा आहे. टाकीच्या डाव्या बाजूला एका जागी रंग घासून पत्रा दिसतो, तिथे मामांची कापडी पिशवी अडकवलेली असायची.

मेकॅनिक म्हणतोय ताजं पेट्रोल टाकून ढकलून बघू, गिअरमध्ये सोडली की सुटेल. मला धीर होत नाहीये. काय करू?

नाशिकचा_टूस्ट्रोक :
ढकलू नका!! कृपा करून ढकलू नका आणि किकवर उभंही राहू नका. जावात किक आणि गिअरचा लिव्हर एकच असतो, आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते, त्यामुळे जाम इंजिनवर अंगाचा भार टाकलात तर आतले दाते जातात आणि ते काम पिस्टनपेक्षा महाग पडतं. आणि ढकलून समजा सुटलं तरी पिस्टनची गंजलेली रिंग पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या) कडेला अडकून तुटणार, मग सिलेंडर कामातून गेला.

आधी प्लग काढा. त्या भोकातून अर्धा कप डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल (एटीएफ) मिसळून ओता आणि आठवडाभर हात लावू नका. रोज थोडं थोडं टाकत राहा. नंतर उजवीकडचं झाकण काढून डायनॅमोच्या मधल्या बोल्टला पाना लावा आणि अगदी हलक्या हाताने मागे-पुढे करून बघा. तो बोल्ट बारीक असतो, जोर लावलात तर तिथेच तुटेल. हलत नसेल तर परत तेल आणि परत वाट बघायची. घाई केली की नुकसान, मी माझ्या पहिल्या येझ्दीचा (जावाचंच पुढचं नाव) सिलेंडर असाच घालवलाय म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

अजून एक, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधून येईल तेवढंच तेल क्रँकच्या बेअरिंगला मिळतं. ३१ वर्षांत ते सगळं सुकलंय. म्हणजे इंजिन सुटलं तरी लगेच चालू करायचं नाही, खोलूनच बघायचं.

पेठेतला_पाना :
किती अपेक्षा आहे? मी पुण्यात आहे, आहे त्या अवस्थेत घेईन, टेंपो माझा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पंचगंगाकाठ :
विकायची नाही भाऊ.

@नाशिकचा_टूस्ट्रोक खूप आभार. प्लग काढला, आजपासून तेल सुरू.

कागदवाला :
इंजिनच्या आधी कागद बघा असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण इंजिन कधीही होतं. आरसी बुक आहे का? मामांच्या नावावर असेल तर साधं २९-३० नंबरच्या फॉर्मचं ट्रान्सफर होणार नाही. मालक वारले असतील तर फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. आधी आत्याच्या नावावर करायची की थेट तुमच्या, ते आरटीओत विचारून घ्या. १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर बऱ्याचदा ती नोंद कॉम्प्युटरवर नसतेच, जुन्या रजिस्टरमधून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, तिथे वेळ जातो, तेव्हा आत्ताच अर्ज टाका.

दुसरा मार्ग व्हिंटेजचा. २०२१ ला केंद्राचा नियम आला, ५० वर्षांच्या वरची मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, १० वर्षांसाठी. नवीन नोंदणी असेल तर व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आत्याची अट तिथेही पाळली जाते. फक्त व्हिंटेज नोंदीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शन किंवा दुरुस्तीला नेणं वगैरे तेवढंच. रविवारी चक्कर मारायची असेल तर साधी आरसीच रिन्यू करा.

आणि चेसिस नंबर आत्ताच पेन्सिलने कागदावर छापून ठेवा. हँडलच्या खाली फ्रेमवर असतो. पावडर कोटिंग मारलं की तो बुजतो आणि इन्स्पेक्शनला माणूस अडकतो, अशी दोन प्रकरणं मी जवळून बघितलीत.

पंचगंगाकाठ :
आरसी आहे! आत्याने लोखंडी ट्रंकेत पॉलिथिनच्या पिशवीत ठेवली होती, सोबत टॅक्सच्या जुन्या पावत्या आणि ती खिळ्यासारखी चावी. कागद पिवळे पडलेत पण अक्षर न अक्षर वाचता येतंय. फॉर्म ३१ चं काम चुलत भाऊ बघतोय.

म्हैसूरकर_मराठी :
धागा बघून राहवलं नाही. मी म्हैसूरला असतो, यादवगिरीत जिथे आयडियल जावाची फॅक्टरी होती तिथून नेहमी जाणं होतं. मुंबईच्या इराणी कुटुंबाने ही कंपनी काढली, १९६१ पासून इथे गाड्या बनायला लागल्या, उद्घाटनाला जयचामराज वडियार आले होते. सुरुवातीला झेकोस्लोव्हाकियाशी करार होता म्हणून जावा नाव, पुढे सत्तरच्या दशकात तीच गाडी येझ्दी नावाने यायला लागली, ते नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून, पारशी-इराणी लोकांशी त्या शहराचं जुनं नातं आहे. १९९६ ला फॅक्टरी बंद झाली. तुमची ६८ ची म्हणजे ए टाइप, इथल्या जुन्या कामगारांना त्या मॉडेलचा अजून अभिमान आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस असतो, गाडी झाली की एकदा म्हैसूरला आणाच.

प्रागहून :
मी झेकमध्ये नोकरीला आहे म्हणून दोन ओळी. जावा हे नाव यानेचेक आणि वान्डरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून झालंय, १९२९ ला. यानेचेक हा मालक आणि वान्डरर ही जर्मन कंपनी जिच्याकडून त्याने मोटरसायकलचं डिझाईन घेतलं. तुमच्या मॉडेलला (३५३) इथले लोक प्रेमाने ‘कीवाच्का’ म्हणतात, म्हणजे डुलणारी, कारण मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा वर-खाली हलणारा दांडा) आला, त्याच्या आधीची ‘पेराक’, स्प्रिंगवाली. इथे खेड्यापाड्यांत घराघरांत एक असते आणि सुटे भाग अजून नवे बनतात. सील, गॅस्केट, रबरं हलकी असतात, सुट्टीत येताना आणू शकतो. मात्र भारतात बनलेल्या गाडीला सगळंच बसेल असं नाही, मापं पाठवा.

पंचगंगाकाठ :
अपडेट. नवव्या दिवशी सुटलं! पाना लावला आणि आधी केसभर हललं, मग परत तेल टाकून रात्रभर ठेवलं आणि सकाळी पूर्ण फिरलं. हेड आणि सिलेंडर काढला. खालची रिंग खोबणीत चिकटलेली, बोअरमध्ये (सिलेंडरच्या आतल्या नळीत) पिस्टन जिथे थांबला होता तिथे गंजाचा गोल पट्टा, नख अडकतंय. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला तर ६५.२५ कोरलेलं दिसलं. मूळ बोअर ६५ मिमीचा, म्हणजे मामांनी एकदा बोअर करून (आतून कापून मोठा करून) घेतला होता, आत्याला विचारलं तर म्हणाली हो, एका मे महिन्यात गाडी पंधरा दिवस कोल्हापूरला होती आणि ते सायकलने जायचे.

उद्यमनगरात (इथली कारखान्यांची वसाहत) घेऊन गेलो. लेथवर जे काका आहेत त्यांनी सिलेंडर हातात घेतला, बोट फिरवलं आणि पहिलंच वाक्य, आधी पिस्टन आण, मग बोअर करू. प्रत्येक पिस्टनचं माप थोडं वेगळं असतं, तो मोजून मगच गाळा (पिस्टन आणि सिलेंडरमधली फट) ठेवायचा. ६५.५० ला खड्डे गेले नाहीत, ६५.७५ ला साफ झाला. होनिंगनंतरच्या (आतून बारीक घासल्यानंतरच्या) त्या तिरक्या रेघा बघत मी तिथे अर्धा तास उभा होतो. पोर्टच्या कडा त्यांनी हाताने बारीक मोडून दिल्या, रिंग अडकू नये म्हणून.

आता प्रश्न. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ अजिबात नाही, बाजूला थोडा आहे. क्रँक उघडू का तसाच ठेवू?

नाशिकचा_टूस्ट्रोक :
बाजूचा खेळ थोडा असतोच, वर-खाली नाही ना मग रॉड राहू द्या. पण इंजिन फोडावंच (पूर्ण खोलावंच) लागणार, सीलसाठी. हे नीट समजून घ्या, कारण निम्म्या जुन्या जावा इथेच फसतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप आहे, पिस्टन वर जाताना आत ओढतो, खाली येताना दाबतो. दोन्ही बाजूंची सीलं सुकून दगड झालेली असणार. डावीकडचं गेलं तर प्रायमरीतलं (क्लचच्या कप्प्यातलं) तेल आत ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचे लोट, लोक म्हणतात रिंग गेली आणि उगाच दुसऱ्यांदा बोअर करतात. उजवीकडचं गेलं तर हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते, आयडलला थांबत नाही आणि तापून पिस्टन धरते. कार्बोरेटर कितीही सेट करा, फरक पडणार नाही. तेव्हा सील आणि मेन बेअरिंग दोन्ही बदला. क्लच प्लेटाही चिकटल्या असतील, सोडवून तेलात भिजत ठेवा.

दुरुस्तीचा_ध्यास :
मी मुंबईत हौसेने जुन्या गाड्या करतो, आतापर्यंत पाच झाल्या. इंजिनबद्दल वरचं सगळं बरोबर. पण माझं मत स्पष्ट सांगतो, एवढं उघडलंच आहे तर फ्रेमपर्यंत सगळी सोडा, सँडब्लास्ट करा, नवीन मरून रंग, हाताने सोनेरी रेघा, टाकीला नवीन क्रोम. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो जुना रंग किती टिकणार? गंज रंगाखालून चालतो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडी वाचवायची असेल तर रंग बदलण्यातच तिचं भलं आहे.

पंचगंगाकाठ :
तुमचा मुद्दा कळतो आणि तुमच्या गाड्यांचे फोटो मी बघितलेत, काम फार सुंदर आहे. पण आत्याची अट आहे आणि आता मलाही ती पटलीय. नवा रंग कुठल्याही जावाला मारता येतो. पिशवीने घासलेली ती जागा एकाच जावावर आहे, ती मी रंगाने झाकली तर मी गाडी वाचवली असं मला वाटणार नाही.

नाशिकचा_टूस्ट्रोक :
@दुरुस्तीचा_ध्यास गंजाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण मधला मार्ग आहे. मडगार्डच्या आतून, बॅटरीच्या कप्प्यात, फ्रेमच्या खालच्या नळीला, जिथे दिसत नाही तिथे तारेचा ब्रश मारून गंज कन्व्हर्टर आणि काळा रंग लावायचा. बाहेरून साध्या साबणाने धुवायचं, मग बारीक रबिंग कंपाउंड अगदी हलक्या हाताने, सोनेरी रेघांवर तर नकोच, आणि वर मेण. वर्षातून दोनदा मेण लावलं तर पाऊस काही करत नाही.

दुरुस्तीचा_ध्यास :
ठीक आहे, पटलं नाही पूर्ण पण भावना समजली. मग किमान टाकी तरी आतून नीट करा. गंज काढायला हार्डवेअरचं अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, ते पत्रा आणि क्रोम दोन्ही खातं आणि धुतल्यावर तासाभरात परत तांबडं होतं. सायट्रिक अ‍ॅसिड घ्या, किराणा दुकानात लिंबूसत्व मागितलं तरी मिळतं, कोमट पाण्यात घालून टाकी काठोकाठ भरा आणि एक-दोन दिवस ठेवा, आधी मूठभर नट टाकून हलवून गाळ सुटा करून घ्या. बाहेरच्या रंगावर ओघळू देऊ नका, तोंडाभोवती ग्रीस लावा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच गरम हवेने वाळवा आणि आत टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल फिरवा. कुणी बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस सांगितलं तर त्यात स्टीलचा चमचा-सळई (स्टेनलेस) घालू नका, विषारी क्रोमियम सुटतं.

चोवीसतास_घाट :
टाकीचा विषय निघालाय तर पेट्रोलचंही बोला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येतं. ६८ सालचं रबर आणि कॉर्क त्यासाठी बनलेलं नाही. कॉकमधला (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतला) कॉर्क आणि कार्बोरेटरची सगळी रबरं बदला, पाईप इथेनॉल चालणारा घ्या. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. कॉक तर प्रत्येक वेळी बंद करा, दोन मिनिटांसाठी थांबलात तरी. फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी) जुनी असेल तर उघड्या कॉकमधून रात्रभर पेट्रोल झिरपून थेट क्रँककेस भरतो आणि सकाळी किकच बसत नाही.

प्रागहून :
सील, गॅस्केट सेट आणि कॉकचा संच घेतला, भावाबरोबर पाठवतोय, पुढच्या आठवड्यात मुंबईत उतरतोय. पैशाचं नंतर बघू.

पंचगंगाकाठ :
@प्रागहून सामान पोचलं, सीलं चपखल बसली. आभार कसे मानू.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो : नवीन हार्नेस बनवून घेतला, सहा व्होल्टच ठेवलं, बॅटरी नवी, कंडेन्सर नवा. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे) जुनेच आहेत, बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप ०.४ मिमीला आणला. प्लग बाहेर काढून हेडला टेकवला, किक मारली, निळी ठिणगी. टाकी लिंबूसत्वाने इतकी स्वच्छ झाली की टॉर्च मारल्यावर आत पांढरा पत्रा दिसतो.

टायर मात्र अजून मिळाला नाही, ३.२५ चा १६ इंची लागतो. पुण्यात नाना पेठेत दोन दुकानांत विचारलं, बुधवारी जुन्या बाजारातही फिरून आलो. कुणाला माहीत असेल तर सांगा.

पेठेतला_पाना :
तुम्ही विकणार नाही हे कळलं :) नाना पेठेतल्या माझ्या ओळखीच्या दुकानात एक जोडी आहे, उत्पादनाची तारीख बघून घेतली, ताजी आहे. बाजूला ठेवायला सांगितलंय. रविवारी या.

नाशिकचा_टूस्ट्रोक :
पहिल्यांदा चालू करताना : १ लिटर पेट्रोलला ५० मिली तेल, बोअर नवा आहे. सिलेंडर बसवताना बोअरला आणि रॉडच्या बेअरिंगला तेल चोळलं होतं ना? चालू झाली की दोन मिनिटांत बंद करा, गार होऊ द्या, मग परत. पहिल्या दिवशी रेस करायची नाही.

पंचगंगाकाठ :
मंडळी, झालं.

कागद अजून पूर्ण नाहीत, इन्शुरन्स नाही, म्हणून रस्त्यावर काढली नाही. परत छोटा हत्ती केला आणि गाडी गडहिंग्लजला आत्याच्या अंगणात नेऊन उतरवली, पहिली किक तिथेच मारायची असं ठरवलं होतं. सोबत लेथवाले काका पण आले, म्हणाले मला आवाज ऐकायचाय. कॉक उघडला, कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल वर येऊ दिलं. पहिल्या दोन किकला काहीच नाही. तिसरीला एक ठसका. चौथीला पेटली आणि दोन्ही सायलेन्सरमधून धूर आणि तो आवाज, ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. तुळशीपर्यंत धूर गेला. शेजारचे एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, मास्तर आलं काय?

आत्या दारात उभी होती. काही बोलली नाही, पदराने नाक धरून ऐकत राहिली. दोन मिनिटं झाली, सांगितल्याप्रमाणे बंद केली, चावी काढली आणि तिच्याकडे गेलो. ती माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत म्हणाली, “कॉक बंद केलास काय? ते कॉक बंद केल्याबिगर घरात यायचे न्हाईत.”

परत जाऊन बंद केला.

फोटो रात्री टाकतो. पुढच्या आठवड्यात ब्रेक शू आणि पुढच्या फोर्कचं तेल, ते किती घालायचं कुणी सांगाल का?